बेलाच्या कुंडीतलं पाणी

लातूर,
९ जानेवारी २०२४

चि. मंजुश्रीस आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना शरणार्थ.

फोनवर तू वरडतीस आणि मला नुसती घरघर ऐकू येती, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नको, तुझं तरी कुठं मोत्यावाणी हाय.

शौचातून रक्त पडून राहिलंय, ते अमरनं सांगितलंच आसंल. डॉक्टर आतड्यात दुर्बीण घालून बघणार. शुक्रवार ठरलाय. नेमका गुरुवारी येळवशीचा सण! समदे शेतात आंबील-भज्जी खाणार आणि मी घरात भाताची पेज. त्यात पोट धुवायची पावडर. एक पुडा गुरुवारी सांजच्याला, दुसरा शुक्रवारी पहाटं. पाण्यात कालवून प्यायचा, मग वरून पेल्यामागं पेला नुसतं पाणी. त्यानं काय काय त्रास होतो ते अमरनं दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं. मळमळ, मुरडा, पोट फुगणं, चक्कर. आख्ख्या गल्लीला कळलं शिवकांताबाईला जुलाब होणार हायेत. मला अर्धंच कळलं.

शुक्रवारी येशील का? पहाटंच्या पुड्याचं एक इचारायचं होतं. वरडून बोलण्यासारखं न्हाई ते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आई

नांदेड,
१५ जानेवारी

ती. अमरदादास, मंजूचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहून राहिले. आज संक्रांत. तिळगूळ पाठवत न्हाई, कारण गोड बोलायची माझी तयारी न्हाई.

आईचं पत्र मला शनिवारी मिळालं. तोवर ती न्हाणीत पडून दवाखान्यात पोचली होती. तुझा मेसेज काय, तर ‘आई ॲडमिट. आता बरी.’ दादा, रेल्वेचं तिकीट सुद्धा यापेक्षा जास्त सांगतं.

इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही पावडर अंगातलं पाणी आतड्यात ओढती. वरून पाणी पोटात गेलं न्हाई तर माणूस सुकतो, बीपी पडतं, क्षार बिघडतात, किडनीवर येतं. म्हातारीला पाणी पाजायचं काम कुणाचं होतं? वहिनी येळवशीच्या जेवणानं दमल्या असतील, समजू शकते. पण पेलाभर पाण्याला किती ताकद लागती?

आईला नांदेडला पाठव. दुसरी तपासणी मी करून घेईन. इथं पाण्याची टंचाई न्हाई.

लोभ शिल्लक असला तर असावा.
मंजू

लातूर,
१९ जानेवारी

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या स्वप्नालीवहिनीनं माझ्याआधी वाचलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं न्हाई. अभिनंदन.

आता ऐक. स्वप्नाली येळवशीला शेतात गेलीच न्हाई, आईजवळ थांबली. गुरुवारचा पुडा नीट गेला, पाणीपण गेलं. शुक्रवारी पहाटं पुडा दिला, आईनं नाक दाबून पिला. मग स्वप्नाली पेला भरून ठेवून राहिली आणि पेला रिकामा होऊन राहिला. आम्हाला वाटलं, आई शहाण्यासारखी पिऊन राहिली.

ती पीत नव्हती. बेलाच्या कुंडीत ओतत होती. संध्याकाळी दवाखान्यातून कपडे न्यायला आलो तवा पाहिलं, कुंडीखाली पाण्याचं तळं.

पडली तवा अंगावर ओलं लुगडं, उजव्या मुठीत गळ्यातलं इष्टलिंग. नर्सला मूठ उघडंना. आता घरी पडून राहून भिंतीकडं बघती. किती बार म्हणलं, आई, पी म्हणलं तर प्यायचं ना? ती नुसती हसती. तपासणी तर झालीच न्हाई, आत काय हाय ते अजून कुणाला माहीत न्हाई. सहा फेब्रुवारीला परत बोलावलंय. नांदेडला यायचं न्हाई म्हणती.

तू शुक्रवारी इथं असतीस तर आम्हाला बोल लावायला एक माणूस कमी झालं असतं. आशीर्वाद हायेतच, ते देणं माझ्या हातात न्हाई, नात्यात हाय.
दादा

लातूर,
४ फेब्रुवारी

चि. मंजुश्रीस आईचे आशीर्वाद.

तुम्ही भावंडं माझ्यापायी भांडता, दोघांची पत्रं माझ्या उशाखाली येऊन पडली हायेत. स्वप्नालीला बोल लावू नको. पोरीनं पाणी दिलं. मी ओतलं.

लगीन झालं तवापासून लिंगपूजा झाल्याबिगर मी तोंडात पाण्याचा थेंब घेतला न्हाई. तू पोटात असताना न्हाई, तुझे बाबा गेले त्या दिवशी न्हाई. पुडा पिला, औषधाला दोष नसतो. पण वरचं पाणी म्हणजे पाणीच. म्हणलं, झटक्यात पूजा उरकू आन् मग हंडाभर पिऊ. न्हाले, लिंग तळहातावर घेतलं की पोटात कळ. शौचाला जाऊन आलं की परत न्हाणं. परत लिंग हातात, परत कळ. किती डाव न्हाले, देवाला ठाऊक. पाणी अंगावर घेऊन राहिले आन् आतून वाळून चालले. एवढ्या पाण्यात माणूस तहानंनं पडतं, हे मलाच नवं.

पूजेआधी ते पाणी चालतंय का, हेच तुला इचारायचं होतं.

अमर मागनं मठात गेला. स्वामी म्हणले, आजारपणात मुभा असती, आधी इचारलं असतं तर मीच येऊन तीर्थ पाजलं असतं. कुणी इचारलं न्हाई. मला बी कुणी इचारलं न्हाई. मी बहिरी हाय मंजू, पण ओठ वाचता येतात. डॉक्टर म्हणले पी, अमर म्हणला पी, स्वप्नाली म्हणली पी, तू पत्रात लिहिलंस पाजा. ‘का पीत न्हाईस’ हे कुणाच्याच ओठावर आलं न्हाई.

परवा पहाटं परत पुडा. आता स्वामींची मुभा हाय, पूजेची अडचण राहिली न्हाई. पर आतनं प्यावंच वाटंना. मागल्या पत्रात तू यायचं लिहिलंस, ये. यायचं झालं तर पेला घेऊन येऊ नको, जवळ बस.

बेलाला लई पालवी फुटलीय. पेला भरून आला तर कुंडी हाताशीच हाय.

तुझी आई
शिवकांता