आई तेवढी फिकट झाली

प्रिय ऐशू,

परवा तुझा पुण्याहून फोन आला आणि मी कुकरचं निमित्त करून ठेवून दिला. रागावू नकोस. बाबा समोरच बसले होते, आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यादेखत जमलं नसतं.

माजिवड्याला तुमच्या बँडचा कार्यक्रम झाला, त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. साकेत ड्रम बडवत होता, गिटार छातीत घुमत होती, बाबांनी कानात बोटं घातलेली. मग तू तुझं ते गाणं घेतलंस. सुख विटत जातं, हे असं ओरडून गातात हे मला ठाऊकच नव्हतं. ‘नव्या घराच्या भिंती पांढऱ्या, आई तेवढी फिकट झाली.’ मला तिथे बसवेना. मी उठले, मागोमाग बाबाही उठले. तू स्टेजवरून बघितलंस आणि तुला वाटलं, आम्ही चिडून गेलो.

चिडले नव्हते गं. आंबिवलीच्या त्या एका खोलीत आपण तिघं केवढे हसायचो! दिवा स्टेशनजवळ स्वतःचा फ्लॅट झाला की याहून सुखात राहू, असं धरून चाललेलो. फ्लॅट झाला. मग पाण्याचे टँकर, बाबांच्या डबल ड्युट्या, आणि आमच्या बोलण्यात ‘वाढू का?’ आणि ‘दार लाव’ एवढंच उरलं. मला ते कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. तू ते माइकवर सांगितलंस.

रिक्षात बाबा एकदम म्हणाले, “पांढऱ्या कुठे? मोतिया आहेत भिंती. तुला आवडतो म्हणून मीच निवडलेला तो रंग.” मी म्हटलं, “हे मला कधी सांगितलंत?” तर म्हणाले, “तू कधी विचारलंस?” आणि आम्ही दोघं रडत-हसत बसलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. पण आता ते टीव्हीचा आवाज बंद करून मला दिवसभराचं विचारतात. आधी फार अवघडून विचारायचे, परीक्षा घेतल्यासारखे. गेल्या रविवारी आंबिवलीला मायामावशीकडे गेलो. परत येताना रस्ताभर भांडलो, तिच्या आमटीत चिंच होती की कोकम यावरून. किती वर्षांनी भांडलो असू!

तर, फोनवर तू विचारलंस, “आई, रेकॉर्डिंगमधून ते कडवं काढून टाकू का? तुम्हाला लागलं ना?” लागलं. तरी काढू नकोस. कुठल्या तरी घरात एखादी बाई ते ऐकेल, आणि शेजारी बसलेला तिचा नवराही ऐकेल. आज सकाळी चहा घेताना शेवटी धीर करून बाबांनाही विचारलं. कप खाली ठेवून म्हणाले, “राहू दे. आणि तिला सांग, मोठ्याने गा.”

तुझीच,
आई