लहानच बसवा

ता. ३ मार्च
चि. धाकटीस, अ. उ. आ.
खोकं पोचेलच. मेहुण्यांनी हौसेने घेतलेला मोठा सुपरचार्जर फळीवरच राहू दे. आपल्या दोन लिटरच्या इंजिनला तो म्हणजे पोराच्या डोक्यावर आजोबांची टोपी. इंजिनात जादा हवा कोंबायची, एवढंच याचं काम. पण किती कोंबायची ते इंजिनचं पोट बघून ठरतं. मी कॉलेजाची पायरी चढलो नाही, तरी हिशेबाने सांगतो, आपल्या पिस्टनना सात पौंडांच्या वर दाब झेपणार नाही. म्हणून हा बेताचा पाठवलाय. सोबत त्याला पट्ट्याने फिरवणाऱ्या लहान-मोठ्या दोन पुल्या आहेत. मेहुणे मोठ्याचे भोक्ते, म्हणून पुन्हा बजावतो: लहानच बसवा.
बावीसला घाटातल्या शर्यतीला मी येतोय. लोभ आहेच, काटा लावून मोजू नकोस.
— दादा

ता. १० मार्च
ती. दादास, शि. सा. न.
सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे बसवलं. गाडी सुसाट पळते, पण चढाला इंजिनात कुणी डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. दाबाचा काटा बारावर जातो. हे म्हणतात, दादांनी हात राखून आकडा सांगितला असेल. पण गाडीत बसणार हे, आणि धडकी मला भरते. लगेच लिही. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
— धाकटी

ता. १३ मार्च
चि. धाकटीस, अ. उ. आ.
बारा? मी पाठवलेला बारा देणारच नाही. तुझी नजर चुकवून अदलाबदल झालीये. मागच्या भेटीत मी मोठ्याचे तोटे सांगत होतो तेव्हा मेहुणे फारच गोड हसत होते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भर चढावर पिस्टनला भोक पडलं तर इंजिन जाम होईल, आणि कठड्यापलीकडे काय आहे ते तुला ठाऊक आहे. त्यांना कळू न देता बॉनेट उघड, सुपरचार्जरवर कोरलेला नंबर कळव. तोवर गाडी बाहेर काढू देऊ नकोस. लोभ तुझ्यावर, त्यांच्याबद्दल नंबर आल्यावर बघू.
— दादा

ता. १६ मार्च
ती. दादास, शि. सा. न.
नंबर तुझाच निघाला. मोठ्यावर मांजर झोपतंय.
मी चोरून बॉनेट उघडलं तेव्हा हे मागेच उभे होते. त्यांनी हात पुसायला फडकं दिलं. तेव्हापासून जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत, उठून घेतात. शेवटी मीच विचारलं, दादाचं काय ऐकलं नाहीत? म्हणाले, सगळं ऐकलं. पुली मोठी बरी वाटत होती, पण आपल्याला मोठ्याची खोड, दादांनी लहानच बजावलंय, म्हणून लहान बसवली.
दादा, ‘छोटा’ लिहितास तर सुपरचार्जर, ‘छोटी’ लिहितास तर पुली. तुझा ‘लहान’ ना पुरुष ना बाई! आता संशय कुणावर घेऊ तेवढं कळव. लोभाचं नंतर.
— धाकटी

ता. १८ मार्च
मेहुण्यांस, सप्रेम नमस्कार.
पत्र मुद्दाम तुम्हाला लिहितोय. पुली लहान झाली की सुपरचार्जर नको तितका जोरात फिरतो, हवा जास्त कोंबतो, वर तापवतो. हे मला झोपेतही ठाऊक आहे. लिहायचं तेवढं राहिलं. मोठी पुली बसवा, काटा सातवर थांबेल. मात्र आधी इंजिन खोलून पिस्टन पाहू. त्यासाठी मी उद्याच निघतोय. एकावरही ओरखडा दिसला तर शर्यत पुढच्या वर्षी.
तुम्हाला मोठी बरी वाटली ते बरोबर होतं. हे वाक्य धाकटीला एकदाच वाचू द्या.
नंबर बघायला मी सांगितलं होतं. राग माझ्यावर काढा, तिच्याकडे मीठ मागा. ‘लोभ असावा’ हे आजवर सवयीने लिहीत आलो, आज मागतोय.
— दादा