एक आडवी रेघ

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार
नऊ! प्रात्यक्षिकात नुजहतला वीसपैकी नऊ, मला अठरा. प्रयोगशाळेत टेबल एकच, यंत्र एकच, आकडे एकच — मी वाचले, तिनं लिहिले. आलेखसुद्धा तिचा, मी फक्त उतरवला. सरांना विचारलं तर चष्म्यावरून तिच्याकडं बघत म्हणाले, "तुमच्या लोकांना एवढे पुष्कळ झाले." शेजारी ऋतुराज, त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी, फिसकन हसला.
वाटलं, तो चष्मा ओढून टाचेखाली चुरडावा. काहीच केलं नाही मी.

१३ फेब्रुवारी
नुजहत विद्यापीठाच्या समितीकडं भेदभावाची तक्रार देणार. साक्षीदार मी. सहीआधी प्रत्येक वाक्य तीनदा वाचलं. "पुष्कळ" म्हणाले की "खूप"? नुजहत वैतागली. "अगं बाई, साक्षीदार हायस की मास्तरीण?"
काय करू, दादानं असंच शिकवलंय. लहानपणी आजारानं दोन वर्षं अंथरुणात होते, तेव्हा सम्राटदादा हीच माझी शाळा. वहीत खोडलं की हातावर पट्टी. "गिरगटायचं न्हाय. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. खालचं दिसलं पाहिजे. शेजारी सही."
संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळं सांगितलं — उद्या चारला देणार, सायकल स्टँडच्या वाटेनं जाणार. त्याच्यापासून मी काही लपवत नाही.
तो म्हणाला, "ऋतुराज आपल्या गावचा हाय. तुझी डिग्री त्या सराच्या हातात. तुला काय करायचंय त्या पोरीचं?"
"खोटं काय आहे त्यात?"
"खरंच हाय की! म्हणून काय गावभर बोंबलायचं?"

१४ फेब्रुवारी
 जसं घडलं तसं लिहिते.
सायकल स्टँडजवळ तिघं. दोघांच्या तोंडाला रुमाल, तिसऱ्याच्या डोक्यात हेल्मेट. नुजहतची ओढणी मागून हिसडली — ती फरशीवर डोक्यानं आपटली. कागद ओढायला लागले. ती सोडेना. हॉकी स्टिक तिच्या उजव्या हातावर. एकदा. दोनदा. तो ओला आवाज! तिनं हेल्मेटवाल्याचं मनगट दातांत धरलं. तो तिच्या तोंडावर बुक्क्या मारत राहिला, तरी सोडलं नाही. रक्त कुणाचं, कळेना. झटापटीत एकाचा रुमाल सुटला — ऋतुराज! तो ओरडत होता, "लिही आता! कर तक्रार!"
मी मध्ये पडले. हेल्मेटवाल्यानं मला नुसतं बाजूला सारलं.
मला काहीच लागलं नाही. का?

१५ फेब्रुवारी
तीन बोटं मोडलीत. ओठाला पाच टाके. तिचा भाऊ मुजम्मिल दवाखान्याच्या भिंतीवर मुठी आपटत होता. मला म्हणाला, "ताई, तुम्हाला साधा ओरखडा बी कसा न्हाय?"
नुजहत सुजलेल्या तोंडानं, "गप रे. माझ्या बाजूनं हीच एक हाय."
बाहेर येऊन माझे हात उलटसुलट तपासले. खरंच, ओरखडासुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी
समितीपुढं जबाब लिहिला. ऋतुराजचं नाव. दुसरा अनोळखी. हेल्मेटवाला अनोळखी. समितीच्या बाई म्हणाल्या, "मंगळवारी परत वाचून सही कर. सही झाल्यावर बदललंस, तर सगळाच जबाब खोटा ठरवतील, बाळ."
ती वाट, ती वेळ त्यांना कुणी सांगितली? मी एकालाच सांगितली होती. नाही. नाही!

१८ फेब्रुवारी, रविवार
गावी आले. दादाच्या मनगटाला हळदीचं फडकं. आई म्हणाली, "म्हशीनं शिंग मारलंय त्याला. बदल की जरा."
सोडलं. दोन अर्धगोल. वर सहा दात, खाली पाच. मोजले.
दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. आई चुलीकडं गेल्यावर हळूच म्हणाला, "अने, तुला कुणाला हात लावू दिला न्हाय मी."
नवं फडकं बांधलं. गाठ इतकी आवळली की तो ओरडला. आणखी आवळली.

२० फेब्रुवारी, मंगळवार
हेल्मेटवाल्यापुढच्या "अनोळखी"वर एक आडवी रेघ मारली. खालचं दिसतंय. वर लिहिलं — सम्राट, माझा सख्खा भाऊ. शेजारी सही.