गाडीतला जुना रेडिओ

मधू,

मिलमधून आल्या आल्या हे वाच. मी सकाळच्या रेल्वेनं भोपाळला निघालो. कचेरीच तिकडे हलली, हजर व्हायलाच हवं. गाडी मात्र नेत नाही.

प्रवासात गाणी हवीत, वाट चुकायला नको, आणि नवा रेडिओ तर परवडत नाही, म्हणून तूच तो कुणाच्या तरी गाडीतून काढलेला सेट बसवून घेतलास. "दादा, वर होकायंत्र मुफ्त मिळतंय!" मिळालं खरं.

काल संध्याकाळी आईला मागच्या सीटवर बसवून मांढरेमातेच्या देवळापर्यंत फेरी मारली. होकायंत्राचा काटा उत्तर सोडून आईकडे वळला. ती खिडकीशी सरकली, तसा तोही सरकला. मी रेडिओ लावलाच नव्हता, तरी त्यातून कुणीतरी सावकाश विचारलं, "कुठवर आलीस?"

माझा पाय ब्रेकवर गेला. आई मात्र जराही दचकली नाही. पदर सावरून म्हणाली, "अहो, आलेच."

बाबा गेल्यापासून तिनं कुणाला असं 'अहो' म्हटलेलं मला आठवत नाही.

मिस्त्रीला बोलावून दोन्ही वस्तू आजच काढून टाक. पैसे परत मागत बसू नकोस. किल्ली तुझ्या कोटाच्या खिशात ठेवली आहे. आईला गाडीजवळ जाऊ देऊ नकोस, आणि आज तिला एकटं सोडू नकोस.

तिच्यासमोर गेलास की दचकू नकोस, काही विचारूही नकोस. सकाळी मी पाया पडलो तेव्हा पाहिलं, तिनं कुंकू लावलंय.

दादा