समुद्रापलीकडचं गाऱ्हाणं

मिशनचा दवाखाना, मोझांबिक
२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहावं हे तुम्हीच मला शिकवलंत, शाळेत जायच्या आधी, सोप्यावर, कोळशाने. आज तो शब्द दोनदा लिहून खोडला, कारण या पत्रात मला तुमच्या अगदी जवळ बसायचं आहे. चुकलं असेल तर माफ करा. बघा, पहिल्याच ओळींत माफी मागून झाली. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी तुमची मुलगी आफ्रिकेत येऊनही सुधारलेली नाही. फोनवर तुम्ही काजूच्या मोहोराचं बोलता आणि लगेच चंद्रावती आत्याकडे फोन देता, म्हणून हे पत्र. इथले एक डॉक्टर गोव्याला यायला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे.

इथली माती कोरगावसारखीच तांबडी आहे. दवाखान्यामागे काजूची झाडं आहेत. मी नोव्हेंबरात आले तेव्हा बोंडू पिकले होते. त्या वासाने सकाळी जाग यायची आणि आपण कुठे आहोत हे मला थोडा वेळ कळायचंच नाही. खाली नदी आहे. तिच्यावर धुकं बसतं, आणि त्यातून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका एकेक करून अशा वर येतात की वाटतं, यातली एखादी आता मला नावाने हाक मारील. पावाला इथे पावच म्हणतात, खिडकीला आपल्यासारखंच जनेल, साबणाला साबांव. आपल्या घरातले शब्द माझ्याआधीच इथे येऊन राहिले होते.

निघायच्या दिवशी तुम्ही आईच्या फोटोपुढचा पाण्याचा पेला भरलात, रोज भरता तसा, आणि मग मला मोपाला सोडायला आलात. विमानतळाच्या दारात एवढंच विचारलंत, "थंय खंयच्या देवाक हात जोडतली?" आत्याला मी बाटेन याची भीती होती. तुमच्या आवाजात भीती नव्हती. ज्याने देवाशी बोलणं टाकलंय अशा माणसाचा तो आवाज होता. नर्स म्हणून जाते, काम करीन, परत येईन, असं काहीतरी पुटपुटले.

पण 'कुठल्या देवाला' हा तुमचा प्रश्न माझ्या बॅगेत आला. इथे रोज सकाळी पडवीत प्रार्थना होते. रोगी, त्यांची माणसं, सगळे बसतात. मी मागे उभी राहायची आणि सगळे 'आमेन' म्हणाले की ओठ घट्ट मिटायची. म्हटलं तर आपल्या देवाशी लबाडी, न म्हटलं तर ज्यांचं अन्न खाते त्यांच्याशी. सिस्टर लिदिया आमच्या मुख्य, गोव्यातल्याच, बार्देसच्या, साठीच्या. त्यांनी पंधरा दिवस बघितलं आणि एकदा बादल्या घासता घासता म्हणाल्या, "तुका पटता तितलेंच म्हण गो. देव हजेरी घेना." त्या स्वतः त्यांच्या येशूशी चक्क भांडतात. औषधं वेळेवर आली नाहीत की क्रुसाकडे बघून कोंकणीतून त्याला असं काही सुनावतात की मला हसू येतं. रागावलेल्या असूनही त्या आनंदात असतात. हे मला नवीन होतं. आपल्या घरात राग आला की बोलणं बंद होतं.

जानेवारीत नदी चढली. रस्ता तुटला आणि पटकी आली. पडवीत चटया, चटयांवर माणसं, छपराच्या वाशांना सलाइनच्या बाटल्या. पाचव्या दिवशी सिस्टर लिदियाच तापाने पडल्या. डॉक्टर नदीपलीकडे अडकलेले. मी, एक स्थानिक नर्स आणि बेचाळीस रोगी. मी प्रत्येक बाटली तीनदा तपासायची, तरी वाटायचं, एखादी चुकली. एक सहा वर्षांची मुलगी गेली. काही चुकलं नव्हतं, तरी मी तिचा कागद चार वेळा वाचला.

त्यानंतरचा रविवार. पाऊस थांबून कोवळं ऊन पडलं होतं, सगळ्या अंगणातून वाफा निघत होत्या. प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रार्थना सांगणारं कोणी नव्हतं. पडवीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. आवो सेलेस्त म्हणून एक म्हातारी (आजीला इथे आवो म्हणतात) तिने हात किंचित वर करून खूण केली, सांग. मला त्यांची एकही प्रार्थना येत नाही. मला एकच येते बाबा, शिमग्याला देवाच्या मांडावर तुम्ही गावासाठी म्हणायचात ती, गाऱ्हाण्याची, आणि ती माझी नाही. आपल्याकडे बायका ती म्हणत नाहीत. पण मी तोंड उघडलं आणि तुमचाच सूर बाहेर आला. "बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुज्या दारात जमली आसत..." तुम्ही थांबता तिथे मी थांबले, आवाज तसाच खाली सोडला. मांडावर जिथे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तिथे पडवी म्हणाली, "आमेन." एक शब्द कळत नव्हता त्यांना. थांबा मात्र बरोबर कळत होता. दर ओळीला आवाज वाढत गेला आणि शेवटच्या ओळीला माझाही त्यात होता. मी हसत होते आणि रडतही होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही मला आलं नसतं, पण तो प्रश्न टोचायचा थांबला. सिस्टर लिदियांनी जनेलातून सगळं ऐकलं होतं. नंतर म्हणाल्या, आपल्या पेडण्याच्या गाऱ्हाण्याला आमेन म्हणायची ही त्यांची पहिलीच खेप.

दुसऱ्या दिवसापासून रोज तेच झालं. आवो सेलेस्त फार खंगली होती. मी तिच्या शेजारी बसूनच गाऱ्हाणं म्हणू लागले. तिचा आवाज गेला होता. मी थांबले की तिचे ओठ हलायचे. मला वाटलं पाणी हवंय. चमचा तोंडाशी नेला, तर तिने मान फिरवली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मध्येच का थांबलीस. मी पुढची ओळ म्हटली, थांबले. ओठ पुन्हा हलले. चमचा माझ्या हातातून पडला, बाबा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्याला आईनेच तुम्हाला हॉस्पिटलातून मांडावर पाठवलं. तुम्ही फोन खिशात चालू ठेवलात, मी माझा तिच्या कानाशी धरला. संध्याकाळी तुम्ही पोचायच्या आत ती गेली. तुम्ही विचारलंत, शेवटी काय म्हणाली. मी, खात्री नसलेलं कधी न बोलणारी, सांगितलं, पाणी मागत होती. त्या दिवसापासून तुम्ही गाऱ्हाणं सोडलंत. तुमच्या जागी आत्याचा साईश मोबाईलमध्ये बघून म्हणतो आणि तुम्ही मागे उभे राहून 'व्हय'सुद्धा म्हणत नाही. पण बाबा, मी पाणी दिलं तेव्हा तिनेही मान फिरवली होती. तिचे ओठ तुमचा आवाज थांबला की हलत होते, सुरू झाला की थांबत होते. शपथेवर सांग म्हणालात तर मला सांगता येणार नाही. तरी सांगते, आयुष्यात पहिल्यांदा, तिसऱ्यांदा न तपासता. आई तहानलेली नव्हती. ती तुमच्या गाऱ्हाण्यात होती. फोटोपुढे पेला ठेवायचा तर ठेवा, पण या शिमग्याला मांडावर पुढे उभे राहा. फोन खिशात चालू ठेवा. इथे तेव्हा दुपार असेल. आवो सेलेस्त आता उठून बसते, आणि पडवीत सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही थांबलात की काय म्हणायचं ते.

तुमचीच, आणि आता थोडी आईसारखी,
गौरवी