गिझरचा टायमर आणि सिलिंडरच्या तारखा

४ डिसें., गुरु.
या हातांनी केलेलं: विहिरीच्या पंपाचा स्टार्टर. टाकी भरली की वाजणारी घंटी. आईची खुर्ची, उंची १९ इंच, गुडघ्यांना त्रास नको म्हणून. आणि गिझरचा टायमर. आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही.
टायमर पहाटे ५.१० ला चालू, ५.३५ ला बंद. माझी नि रंजनाची आंघोळ होते, गरम पाणी संपतं. पूर्वी गिझर विसरून तासन्‌तास चालू राहायचा. आता रोज दीड युनिट कमी. मीटर स्वतः वाचतो, वहीत लिहितो.
तुळिंजचे गिझरवाले रमेशशेठ आज माझ्या दुकानात टायमरचा डबा उघडून बघत बसले. म्हणाले, बनवू या. खोक्यावर तुमचं नाव आणि तुमच्या घरचे आकडे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाची मशीनं दुरुस्त केली.

९ डिसें., मंगळ.
आकडे स्वच्छ उतरवून काढले. रंजना भाकरी थापत होती, मान वर केली नाही. बायकोला कौतुक नसतंच. आईला सांगितलं, टायमर बाजारात येणार.
आई म्हणाली, "माजी आंगोल अकराला. रंजना गॅसवर पानी तापवते म्हनून बरं."
एखाद दिवस तापवत असेल.

१० डिसें.
एखाद दिवस नाही. सिलिंडर लावला की रंजना कॅलेंडरवर तारखेला गोल करते. मागच्या वर्षीचं कॅलेंडर त्याच खिळ्याला होतं. टायमरआधी सिलिंडर ४७, ४९ दिवस. नंतर ३६, ३५, ३४. मीटर रोज वाचला, ही भिंत एकदाही नाही.
विचारलं, बोलली का नाहीस.
"दोनदा बोलले. तुम्ही वही दाखवलीत."
मग म्हणाली, मनगट भाजलं तेव्हा मलम आणलंत. पातेलं कसलं होतं, विचारलं नाहीत.

१३ डिसें., शनि.
शेठना कॅलेंडरचं सांगितलं. हसले. "भाऊ, गिझरवाला सिलिंडर मोजत बसतो का?" म्हटलं, आकडे वगळा, नाव ठेवा. म्हणे आकड्यांशिवाय डबा कोण घेणार, नावाला कोण विचारतो.
घरी येऊन टायमरला दुसरी वेळ लावली, १०.४० ते ११.००. रंजनाला दाखवली.

१४ डिसें., रवि.
१०.४० ला गिझरचा दिवा लागला. शेगडीवर पातेलंही होतं. रंजनाने ते उतरवलं नाही.
शेठना फोनवर नकार कळवला. डिझाइनचे साठ हजार रोख देणार होते, ते गेले, आणि खोक्यावरचं माझं नावही.