अर्धे राहिलेले रोल

६ जुलै १९५८, रविवार

बंगळूरला येऊन आज तिसरा दिवस. सकाळी हेमाने दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली! म्हणून ही वही आजच उघडली. गेली दोन वर्षं रोजनिशीत लिहिण्यासारखं होतं तरी काय? ताप किती, खोकला किती. आता छातीच्या फोटोत डाग दिसत नाही. थंड कोरडी हवा आणि भरपूर विश्रांती, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय. कोल्हापूरच्या स्टुडिओतली नोकरी सोडून इथे आलो ते तेवढ्यासाठीच.

मल्लेश्वरमला रत्नाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. त्यांचे पणजोबा इकडे आलेले. मराठी आपलंच, पण कानडीची फोडणी दिलेलं. आम्हा नवराबायकोंना त्या अक्का आणि अण्णा म्हणतात. मागे लांबट अंगण आहे, करड्या दगडी फरशांचं. फरशी बरोबर दोन फुटांची. मी मोजली. कॅमेरेवाल्याची खोड, दुसरं काय. हेमा म्हणाली, इथे तरी माणसासारखे बसा.

९ जुलै, बुधवार

नव्या नोकरीचं दुकान बरंय. हयवदनराव मूळ धारवाडचे, मराठी चांगलं बोलतात. दंडूत, म्हणजे कँटोनमेंटच्या बाजूला, त्यांचा जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा आहे. परदेशी माल येणं बंद झाल्यापासून नवा कॅमेरा साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेलाय. त्यामुळे कारखान्यातले, कचेरीतले लोक आमच्याकडे येतात. कुणाच्या घरी बारसं असतं, कुणाच्या बहिणीचं लग्न. विकायला आलेल्यांतून धड कॅमेरे निवडायचे, हे माझं काम.

निवडायची रीत सोपी आहे. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता दिव्यापुढे धरायचा, कुठून उजेड आला तर परत करायचा. शटर एका सेकंदावर लावून कानाशी न्यायचं. अडखळलं तर ते दुरुस्तीवाल्या शिवाप्पाच्या टेबलावर. भिंगात बुरशीची जाळी दिसली तर कितीही स्वस्त असो, नको म्हणायचं. आणि बाहेरच्या चकाकीला भुलायचं नाही. जो कॅमेरा कातडी पिशवीत जपून ठेवलेला असतो तोच आतून गंजलेला निघतो.

दुकानाची एक पद्धत मात्र मला नवी होती. पुष्कळ कॅमेऱ्यांत अर्धा काढलेला रोल तसाच असतो. फिल्म मिळत नाही, मग ती फेकायची कशाला? उरलेल्या फोटोंवर कॅमेरा तपासायचा, रोल धुवायचा, आपल्या फोटोचा कागद कॅमेऱ्याला टाचायचा. गिऱ्हाईक तो बघून घेतं. जुन्या मालकाचे फोटो पाकिटात घालून ठेवायचे. न्यायला सहसा कुणी येत नाही.

१३ जुलै, रविवार

विटांच्या भिंतीचा फोटो बघून गिऱ्हाईक खूश होत नाही, त्याला माणसाचा चेहरा लागतो, असं हयवदनराव म्हणाले. म्हणून एक घडीचा कॅमेरा घरी आणला. आत बारापैकी सात फोटो शिल्लक होते. हेमाला दहा फुटांवर, पाचव्या फरशीवर उभं केलं. तिने जांभळं लुगडं नेसलं, केसांत रत्नाबाईंनी दिलेला कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा माळला. दोन वर्षं सगळ्यांनी माझी छातीच बघितली, तुम्ही तोंड बघताय, असं म्हणून हसली. मग दमून पायरीवर बसली. मीही दमलो. बसून राहिलो दोघं.

१६ जुलै, बुधवार

रोल धुतला. पहिल्या पाच फोटोंत आरामखुर्चीतला एक म्हातारा, मांडीवर शाल. मागे कुणीतरी तरुण उभा. पुढचे सात हेमाचे. छान आलीय. पण सातही फोटोंत तिच्या पाठीमागे, अंगणाच्या टोकाच्या भिंतीला लागून, एक माणूस उभा आहे.

त्या वेळी अंगणात आम्ही दोघंच होतो. आधीची प्रतिमा वर आली असेल म्हणावं, तर म्हाताऱ्यामागचा तरुण धोतरात आहे आणि हा लेंग्यात. फरशा मोजल्या. पंधरावी. म्हणजे तीस फूट.

शिवाप्पाला दाखवलं. त्याने भिंग डोळ्याला लावून पाहिलं, फोटो पालथा ठेवला आणि आपल्या कामाला लागला.

२१ जुलै, सोमवार

काल दुसरा कॅमेरा नेला, वेगळ्या घरातून आलेला. आज धुतला. जुन्या मालकाच्या भागात खाटेवर एक बाई, अगदी वाळलेली, आणि तिच्या उशाशी एक मुलगी. आमच्या भागात हेमा. आणि तो माणूस. या वेळी अकराव्या फरशीवर. चेहरा अजून लहान आहे, नीट कळत नाही. एक हात कमरेवर ठेवून उभा आहे, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

हयवदनरावांना विचारलं, लोक कॅमेरे विकतात तरी का? ते म्हणाले, घरात कुणी गेलं की बहुतेक वेळा कॅमेरा बाहेर पडतो, ज्याचे फोटो काढायचे तोच नाही तर ठेवून काय करायचं? फार विचार करू नका, असंही म्हणाले.

हेमाला संध्याकाळी कणकण होती. नव्याण्णव. तापमापी तिच्या तोंडात ठेवून मी उभा राहिलो. समोर कपाटाचा आरसा होता. माझा एक हात कमरेवर होता.

२५ जुलै, शुक्रवार

ताप रोज येतोय. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, सुया पुन्हा सुरू करू. पुन्हा.

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून लिहितो. मी फार थकलोय. तिच्यावर माझा जीव आहे. आणि तरी सुईचं पाणी उकळताना मनात आलं की हे एकदाचं संपावं. आल्याबरोबर स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण आलं खरं.

रत्नाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या. “अण्णा, स्वल्प जेवून घ्या हो. अक्का बऱ्या होतील. तुमचंच तोंड बघवत नाही मला.”

२७ जुलै, रविवार

आज एक डबा कॅमेरा होता, आठांतले चार शिल्लक. हेमाच हट्टाला पेटली. म्हणाली, तेवढंच ऊन मिळतं मला. तीन तिचे काढले. चौथा, ती आत गेल्यावर, रिकाम्या अंगणाचा. दुकान बंद होतं, पण किल्ली माझ्याकडे असते. जाऊन लगेच धुतला.

रिकाम्या अंगणात कुणी नाही. हेमाच्या तिन्ही फोटोंत आहे. सहाव्या फरशीवर, तिच्या पाठीला लागून. चेहरा स्पष्ट आहे.

मीच आहे.

कॅमेरा माझ्या हातात होता. मी तिच्या समोर होतो. आणि तिच्या मागेही मीच आहे, डोळे अर्धवट मिटलेले, दोन्ही हात पुढे घेतलेले.

२९ जुलै, मंगळवार

हेमाला काही सांगितलं नाही. घरी कॅमेरा नेणं बंद.

दुकानातली जुनी पाकिटं काढून बसलो. प्रत्येकात कुणी आजारी. प्रत्येकात मागून कुणीतरी जवळ येत जातं. आणि शेवटच्या फोटोत त्याचा हात उशीवर. सगळ्यांत हेच, उशी, शाल किंवा पांघरुणाचं टोक. त्यापुढे फोटो नाहीत. म्हणून तर रोल अर्धे राहतात. पुढे काढायला माणूसच उरलेलं नसतं.

३० जुलै, बुधवार

आरामखुर्चीतल्या म्हाताऱ्याचा मुलगा पाकीट न्यायला आला. सुधींद्र नाव, टपाल खात्यात आहे. फोटो बघता बघता स्टुलावर बसला. मी विचारलं, मागे उभे आहेत ते कोण? तो म्हणाला, मीच. पण फोटोही मीच काढले, घरात तिसरं माणूस नव्हतंच.

चार वर्षं त्याने वडिलांचं सगळं केलं. एकट्याने. शेवटच्या दुपारी खुर्चीत त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो वडिलांपाशी उभा होता आणि ते गेलेले होते. मधलं काही त्याला आठवत नाही. डॉक्टरांनी वय झालं होतं म्हणून सांगितलं.

पाकीट त्याने नेलं नाही. उठताना हळूच विचारलं, तुमच्या घरी कोण आजारी आहे?

३१ जुलै, गुरुवार

हेमाच्या भावाला बेळगावला तार केली. श्रीकांत, ताबडतोब ये, हेमाला घेऊन जा. कारण काय देणार? मला कामामुळे जमत नाही असं लिहिलं. हेमा ऐकून भिंतीकडे तोंड करून निजली. एवढी जड झाले का मी तुम्हाला, म्हणाली.

नाही, असं मी म्हणालो. पण लगेच म्हणता आलं नाही. जरा उशीर झाला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

श्रीकांतची उलट तार. सोमवारी संध्याकाळी पाचला पोचतो. तीन दिवस. सुया द्यायला मी लागतो, म्हणून कामावर जात नाही. हयवदनरावांना कळवलं. रत्नाबाईंना दिवसभर हेमाजवळ बसायला सांगितलं. त्या बसतात. रात्री त्यांची मुलगी झोपायला येते. मी अंगणात निजतो.

झोप नाही. झोपायचंच नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी रत्नाबाई देवळात गेल्या, अर्ध्या तासासाठी. मी खुर्चीत होतो. डोळा लागला —

जाग आली ती पलंगापाशी. उभा होतो. हातात उशी.

हेमा माझ्याकडे बघत होती. उशी बदलताय का, म्हणाली. हो म्हणालो. तिच्या डोक्याखाली ठेवली. तिने माझ्या हातावर हात फिरवला.

अंगणात येऊन पार टोकाच्या पंधराव्या फरशीवर बसलो.

३ ऑगस्ट, रविवार

रत्नाबाईंना सांगितलं. सगळं नाही. एवढंच की मला एकट्याला तिच्यापाशी ठेवू नका. त्या म्हणाल्या, जागरणाने असं होतं अण्णा, सरी होईल, ठीक होईल सगळं.

उद्या त्यांच्या भाचीचं लग्न आहे. के. आर. पुरमला. सकाळी जाणार, मुलीला घेऊन. संध्याकाळी परत. भाचीचं लग्न त्यांनी कसं सोडावं —

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळ. रत्नाबाई गेल्या. हेमाला एकशे दोन.

शिवाप्पा येईल का म्हणून निरोप धाडला. तो गावी गेलाय. शेजारच्या घराला कुलूप.

दुपार, बारा. बाहेरून कडी घालून रस्त्यावर जाऊन बसलो. पाच मिनिटं. खोकल्याची उबळ ऐकू आली, पाणी मागत होती. उघडून आत आलो. पाणी दिलं. उठता येत नाही तिला. सोडून कसं जाऊ?

एक वाजला. पाचव्या फरशीइतका लांब बसलोय, दाराच्या उंबऱ्यावर. दहा फूट. ही वही मांडीवर. डावा हात वहीवर, उजव्यात पेन. लिहितोय तोवर दोन्ही हात इथे आहेत. दिसतायत मला. पाच वाजेपर्यंत लिहायचं. काहीही लिहायचं.

दीड. हेमा झोपली. आमचं लग्न झालं तेव्हा तिला माझं नाव घेता येईना, हसूच फुटायचं. तिला खोबऱ्याची वडी आवडते. तिला मी हवा आहे. मला ती हवी आहे. हे खरं आहे. दुसरंही खरं आहे, पण हे खरं आहे.

दोन. ऊन आत आलंय. मान खाली पडली होती. किती वेळ माहीत नाही. शेवटच्या ओळीच्या पुढे पेन घसरत गेलेली रेघ आहे. पण बसलेलो इथेच आहे. हात इथेच.

सव्वादोन. हेमाचा श्वास ऐकू येतोय. मोजतोय. चोवीस. पंचवीस. लिहितोय. गाडी अरसीकेरे सोडून पुढे आली असेल. श्रीकांत, लवकर ये रे.

डावा हात वहीवर. उजवा हात वहीवर. पापण्या जड —

हात वहीवर. हेमा, उठून बस ना गं. मला हाक मार. मोठ्याने हाक मार.

हात वही